मृगाच्या तोंडावर आंब्याला करवत लावू नका

मे संपत आला, वळवाच्या वाऱ्याने एखादी फांदी मोडली, की कोल्हापुरात परसातल्या आंब्यांवर कोयते चालू लागतात. पावसाआधी झाड हलके करावे हे खरे, पण ही वेळ नेमकी भिरुडाच्या सोयीची असते.

भिरूड म्हणजे खोडकिडा. त्याचा भुंगेरा राखाडी, दीड-दोन इंच लांब, मिशा अंगापेक्षाही लांब आणि मानेमागे दोन नारिंगी ठिपके. पावसाच्या सुमारास तो लाकडातून बाहेर पडतो. मादी रात्री सालीच्या भेगा आणि जखमा हुडकून तिथे अंडी घालते. ताजा काप तिला आयताच मिळतो. अळी साल आणि लाकूड पोखरत महिनोन्‌महिने आत राहते. बाहेर दिसतो तो फक्त भुसा, बुंध्याशी पडलेला, ओलसर, दोऱ्यादोऱ्यांचा. तो नजरेस पडेपर्यंत आत बोट जाईल एवढे बीळ झालेले असते.

म्हणून मोठी छाटणी पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबरात करावी. पुढच्या पावसाळ्यापर्यंत जखम भरायला सहा-सात महिने मिळतात. त्या फांद्यांवर यंदा मोहोर येणार नाही, हे धरूनच चाला. महापालिका हद्दीत असाल तर आधी परवानगी घ्या.

कोयत्याने लाकूड पिंजते, करवतच वापरा. खोडापासून फूटभर अंतरावर खालून पाव जाडीचा काप घ्या, मग दोन बोटे पुढे वरून कापा. उरलेला खुंट खोडाजवळच्या फुगीर कड्याला धक्का न लावता काढा. खुंट ठेवला तर कुजतो, कडेच कापले तर जखम भरत नाही.

लगेच बोर्डोपेस्ट लावा. 100 ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात आणि 100 ग्रॅम चुना अर्ध्या लिटरमध्ये, प्लास्टिकच्या वेगवेगळ्या बादल्यांत भिजवून एकत्र करा. लोखंडी खिळा बुडवून पाहा. तांबूस झाला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला. पेस्ट त्याच दिवशी संपवा, शिळी चालत नाही.

तारांवर टेकलेली किंवा मोडून लोंबणारी फांदी दिवाळीची वाट पाहू शकत नाही. ती जूनमध्येही काढा, पण पेस्ट त्याच तासाला लावा आणि पावसाने धुपली की पुन्हा लावा. भुसा दिसला तर तारेचा आकडा बिळात घालून अळी ओढून काढा, पेट्रोलचा बोळा कोंबा आणि तोंड चिखलाने लिंपा. आणि पोखरलेली लाकडे झाडाखाली रचू नका. आतल्या अळ्या तिथेच वाढून पुढच्या मृगाला बाहेर येतात.