धाराशिवच्या गावांनी दिलेलं उत्तर आणि दवाखान्यातली व्हिनेगरची बाटली

एचआयव्हीसह जगणाऱ्या बाईला गर्भाशयमुखाचा कॅन्सर होण्याचा धोका इतर बायकांच्या सुमारे सहापट असतो. १९९३ साली अमेरिकेनं हा कॅन्सर एड्सची खूण मानल्या जाणाऱ्या आजारांत धरला. त्याआधी त्या यादीत कापोसी सार्कोमा (त्वचेवर डाग उठवणारा कॅन्सर) आणि लिम्फोमाचे, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरचे, काही प्रकार एवढेच कॅन्सर होते. कापोसी आपल्याकडे क्वचित दिसतो, कारण तो घडवणारा विषाणूच इथे फारसा पसरलेला नाही. मराठवाड्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रासमोर म्हणून मुख्यतः दोन गोष्टी येतात: मानेतली किंवा काखेतली गाठ, आणि 'अंगावरून पांढरं जातंय' म्हणत आलेली बाई.

गाठीचं थोडक्यात सांगतो. एचआयव्हीच्या रुग्णाची गाठ म्हणजे टीबीच, असं धरून औषध सुरू करायची सवय जुनी आहे आणि बहुतेक वेळा ती बरोबरही ठरते. पण ती गाठ लिम्फोमाची असली, तर टीबीच्या गोळ्यांत गेलेले दोन-तीन महिने फार महाग पडतात. औषध सुरू करण्याआधी गाठीत सुई घालून नमुना पाठवणं हे तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जमण्यासारखं काम आहे.

मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीला आवर घालणारी रोजची औषधं, देशात १ एप्रिल २००४ ला सुरू झाली. पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. तेव्हा सीडी-४, म्हणजे प्रतिकारशक्ती मोजणाऱ्या रक्तपेशींचा आकडा, दोनशेच्या खाली उतरल्यावरच गोळी मिळायची. पुढे ही मर्यादा ३५०, मग ५०० झाली आणि २०१७ पासून तपासणी पॉझिटिव्ह आली की लगेच औषध सुरू होऊ लागलं. याचा कॅन्सरशी थेट संबंध आहे. २००४ ते २०१० या काळात ज्या बायका औषधावर आल्या, त्यांची प्रतिकारशक्ती त्याआधी कित्येक वर्षं खालावलेली होती आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही या विषाणूला तेवढी वर्षं मोकळं रान मिळालं होतं. त्या बायका जगल्या, ही मोठीच गोष्ट झाली. आता त्या चाळिशी-पन्नाशीत आहेत, म्हणजे नेमक्या याच कॅन्सरच्या वयात.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. मराठवाडा या विषयात मागे नव्हता. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांत सुरू झाली. बार्शी सोलापुरात, पण परांडा आणि भूम आपल्याकडचेच. या नोंदींत बायकांमध्ये गर्भाशयमुखाचा कॅन्सर सर्वांत वर होता. त्यातूनच पुढे उस्मानाबाद जिल्ह्यातला, म्हणजे आजच्या धाराशिवमधला, मोठा अभ्यास उभा राहिला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, गावांचे ५२ गट. एका भागात एचपीव्हीची तपासणी, दुसऱ्यात पॅप स्मिअर (गर्भाशयमुखाच्या पेशी काचेवर घेऊन तपासणं), तिसऱ्यात गर्भाशयमुखाला व्हिनेगर लावून डोळ्यांनी पाहणं. चौथ्या भागातल्या बायकांची तपासणी नाही, फक्त माहिती. तपासण्या प्रशिक्षण दिलेल्या परिचारिकांनी केल्या. निकाल २००९ मध्ये छापून आला. एचपीव्हीच्या एकाच फेरीनंतर पुढच्या टप्प्यातले कॅन्सर आणि मृत्यू तपासणी न झालेल्या भागाच्या मानाने जवळपास निम्म्यावर आले. पॅप आणि व्हिनेगरच्या गटांत मृत्यूंत म्हणावी अशी घट दिसली नाही.

चौथ्या गटावरून पुढे वाद झाला. हजारो बायकांना तपासणीविना का ठेवलं, असा प्रश्न विचारला गेला. 'नेहमीची काळजी' हा शब्द तिथे वापरला होता आणि त्या गावांत नेहमीची काळजी म्हणजे काहीच नाही, असा अर्थ होत होता. हा आक्षेप मला रास्त वाटतो. पण त्या गावांनी एवढी किंमत मोजून जे उत्तर दिलं त्याचं पुढे काय झालं, हा प्रश्न त्याहून कमी विचारला गेला.

२०१६ मध्ये देशभरासाठी तपासणीची चौकट ठरली. ३० ते ६५ वयाच्या बायका, पाच वर्षांतून एकदा, पद्धत व्हिनेगरची. म्हणजे धाराशिवच्या गावांत जी पद्धत तोकडी ठरली, तीच धाराशिवच्या उपकेंद्रात आली. निर्णय घेणाऱ्यांकडे कारणं होती. मुंबईच्या वस्त्यांत याच पद्धतीनं मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले होते. तिथे मात्र दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या झाल्या होत्या. धाराशिवमध्ये एकच. आपल्या उपकेंद्रात एका बाईच्या वाट्याला चार फेऱ्या येतील, हे गृहीत धरणं मला अवघड जातं. दुसरं कारण खर्चाचं, आणि ते खरंच आहे. व्हिनेगर, कापूस, चांगला उजेड, एवढ्यात काम भागतं. सिस्टर बोळा लावते, एक मिनिट थांबते, पांढरा डाग उमटतो की नाही ते पाहते. निकाल तिथल्या तिथे. ऊसतोडीला निघालेल्या बाईला 'पंधरा दिवसांनी रिपोर्ट घ्यायला ये' सांगण्यात अर्थ नसतो, हे इथे काम केलेला कुणीही मान्य करील.

पण एचआयव्ही असलेल्या बाईसाठी हे गणित बदलतं. तिला जंतुसंसर्ग वरचेवर होतो, सूज असते, आणि सुजलेल्या जागी उमटलेला पांढरा डाग वाचणं अनुभवी डोळ्यांनाही कठीण. शिवाय तिशीपर्यंत थांबणं तिला परवडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनात अशा बायकांची तपासणी पंचविशीपासून, दर तीन ते पाच वर्षांनी, एचपीव्ही चाचणीनं करावी असं म्हटलं आहे. यातही एक अडचण आहे. या बायकांत एचपीव्ही पॉझिटिव्ह येणाऱ्या पुष्कळ असतात, त्यामुळे उपचाराआधी आणखी एक तपासणी लागते. तरी चाचणीचा नमुना बाई स्वतः घेऊ शकते, ही मोठी सोय आहे. टेबलावर झोपायला लाजणारी बाई कापसाची काडी घेऊन आडोशाला जायला तयार होते.

लाजेपेक्षा मोठी भीती 'पिशवी' या शब्दात आहे. आपल्याकडे गर्भाशय म्हणजे पिशवी आणि गर्भाशयमुख म्हणजे पिशवीचं तोंड. बोलताना 'तोंड' गळून पडतं. तोंडाला सूज आहे असं सांगितलं की बाई ऐकते, पिशवी खराब झाली. 'काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल' हे वाक्य बीड जिल्ह्यात किती बायकांनी ऐकलं, ते २०१९ मध्ये बाहेर आलं. पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड कामगार बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. तेव्हापासून आशाताई तपासणीचं बोलावणं घेऊन गेल्या की 'आता पिशवी काढायला सांगणार का?' असं उंबऱ्यातच विचारलं जातं. आणि पिशवी काढताना तोंड तसंच ठेवलेलं असेल, तर कॅन्सरचा धोका राहतोच. हे त्या बाईला सहसा कुणी सांगितलेलं नसतं.

कॅन्सरच्या आधीची अवस्था सापडली तर आता उपचार जवळ आलाय. पूर्वी गोठवून काढायला गॅसचं सिलिंडर लागायचं, ते भरून आणणं हेच एक काम होतं. हल्लीचं बॅटरीवर चालणारं हातातलं यंत्र शंभर अंशांच्या आसपास तापतं आणि काही मिनिटांत काम उरकतं. भूल लागत नाही.

कॅन्सरच निघाला तर रस्ता छत्रपती संभाजीनगरचा किंवा बार्शीचा. रेडिएशन पाच-सहा आठवडे, सोबत आठवड्याला एक केमो. सरकारी आरोग्य योजना २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत आधी आली त्यात नांदेड होतं, आणि पिवळ्या-केशरी रेशनकार्डावर उपचाराचा खर्च निघू लागला. राहण्या-खाण्याचा आणि बुडालेल्या मजुरीचा निघत नाही. या काळात एआरटी चालूच ठेवायची असते, पण पूर्वीच्या औषधांतलं झिडोवुडिन रक्त कमी करायचं आणि केमोही तेच करायची. २०२० नंतर डोलुटेग्राविर या नव्या औषधावर आधारलेली एआरटीची गोळी सर्रास झाली, तेव्हा हा पेच बराच सुटला.

सगळ्यात अवघड आहे ती उपचारानंतरची तपासणी. एचआयव्ही असलेल्या बाईत डाग पुन्हा उद्भवण्याची शक्यता जास्त, म्हणून बारा महिन्यांनी पुन्हा पाहायचं असतं. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, मुकादमाची उचल घेतलेली असते. त्या आधीच्या दिवसांत शिबिर झालं तर पुढची तारीख पुढच्या वर्षी नेमकी निघण्याच्या गडबडीत येते. एआरटीच्या गोळ्या एकदम तीन महिन्यांच्या मिळू शकतात आणि एआरटीचं पुस्तक दाखवून दुसऱ्या जिल्ह्यातही औषधाची सोय लावता येते. पिशवीच्या तोंडाच्या तपासणीचा मात्र एक साधा कागद असतो. रेशनकार्डाबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला तो कागद ट्रॅक्टरमधून सांगलीकडे किंवा कर्नाटकात जातो, आणि तिथल्या कारखान्याजवळच्या दवाखान्यात तो कुणी मागत नाही.