मॅमथ लेक्स: धगीवर वसलेल्या गावाची गोष्ट

मॅमथ लेक्स गावातून उत्तरेकडे एक दहाएक किलोमीटरचा रस्ता निघतो आणि पाइनच्या रानातून जाऊन मोठ्या हमरस्त्याला मिळतो. आज त्याचं नाव ‘मॅमथ सीनिक लूप’ आहे. 1983 मध्ये तो बांधला तेव्हा लोक त्याला ‘एस्केप रूट’ म्हणत, म्हणजे जीव घेऊन पळायची वाट. गावात यायला-जायला तोवर एकच रस्ता होता आणि गावाखालची जमीन फुगू लागली होती. एका रस्त्याचं नाव असं का बदलावं लागलं, हे कळलं की या गावाचा सगळा इतिहास हाती येतो.

कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडा पर्वताच्या पूर्व उतारावर, लॉस एंजेलिसपासून सुमारे 500 किलोमीटरवर हे गाव आहे. उंची जवळजवळ 7,900 फूट, कायमची वस्ती सात हजारांच्या आसपास. हिवाळ्यात स्की करणारे येतात. बर्फ वितळलं की तळ्यांवर मासे धरणारे, डोंगरातून सायकल हाकणारे आणि पाठीवर तंबू बांधून चालणारे येतात. कॅलिफोर्नियातली मराठी कुटुंबंही सुट्टीला इथवर गाडी काढतात. वर्षभर चालणारं असं गाव एका दिवसात उभं राहत नाही. इथे तर त्याची तयारी साडेसात लाख वर्षांपूर्वीच सुरू झाली होती.

सुमारे 7 लाख 60 हजार वर्षांपूर्वी इथे एक प्रचंड उद्रेक झाला. जवळजवळ 600 घन किलोमीटर शिलारस बाहेर फेकला गेला आणि त्याची राख पार नेब्रास्कापर्यंत उडाली. पोटातला रस निघून गेल्यावर वरची जमीन खचली आणि 32 किलोमीटर लांब, 17 किलोमीटर रुंद असा खोलगट भाग तयार झाला. त्याला लाँग व्हॅली काल्डेरा म्हणतात. गाव त्याच्याच नैर्ऋत्य कडेला बसलेलं आहे. गावामागचा मॅमथ माउंटन हा 11,053 फुटांचा डोंगर त्याहून बराच तरुण. घट्ट लाव्हाचे थर एकावर एक चढत तो वाढला आणि सुमारे 50 हजार वर्षांपूर्वी थांबला. शेजारच्या इन्यो क्रेटर्सची, म्हणजे ज्वालामुखी विवरांची, साखळी तर अवघ्या सहा-साडेसहा शतकांपूर्वी पेटली होती. आपल्याकडच्या हिशोबात बोलायचं तर तेव्हा दक्षिणेत बहमनी सत्ता नुकतीच उभी राहत होती. भूशास्त्रात हे अगदी काल घडल्यासारखं.

या आगीचं सर्वांत देखणं काम पाहायला डोंगराच्या पलीकडे, सॅन होआकिन नदीच्या खोऱ्यात उतरावं लागतं. डेव्हिल्स पोस्टपाइल. सुमारे 80 हजार वर्षांपूर्वी लाव्हाचं एक दाट तळं सावकाश निवलं, निवता निवता आकसलं आणि त्याला उभ्या भेगा पडून 60 फुटांपर्यंत उंच षटकोनी खांब झाले. पुढे हिमनदी त्यांच्या माथ्यावरून घासत गेली. त्यामुळे वर चढून पाहिलं की फरशी बसवलेल्या अंगणासारखं दिसतं.

मुंबईच्या वाचकाला हा दगड परका नाही. अंधेरीची गिल्बर्ट हिल त्याच जातीची आहे, सुमारे 200 फूट उंच आणि साडेसहा कोटी वर्षांची. फरक आहे तो दोन्हींच्या नशिबात. पोस्टपाइल 1890 मध्ये योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात घेतलं गेलं आणि 1905 मध्ये खाणवाल्यांच्या व लाकूडवाल्यांच्या दबावाखाली पुन्हा बाहेर काढलं गेलं. मग सुरुंग लावून हे खांब नदीत पाडायचे, त्यांचा बांध घालायचा आणि वीज करायची, असा प्रस्ताव आला. तो ज्याच्या टेबलावर आला त्या वन विभागाच्या तरुण अभियंत्याने, वॉल्टर ह्यूबरने, निसर्गप्रेमींना हाक दिली. निसर्गरक्षणासाठी लढणारे लेखक जॉन म्यूर त्यात पडले आणि 6 जुलै 1911 रोजी राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी त्याला राष्ट्रीय स्मारक जाहीर केलं. आमच्या गिल्बर्ट हिलला मात्र वर्षानुवर्षं खडी फोडणाऱ्यांनी कुरतडलं आणि आज ती इमारतींच्या गराड्यात उभी आहे. तिच्यासाठी वेळेवर कुणी असं उभं राहिलं असतं तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

माणसं इथे फार पूर्वीपासून येत होती. या भागातल्या मूळनिवासी पायूट लोकांना ज्वालामुखीने काळ्या काचेसारखा ऑब्सिडियन दिला. त्याची पाती आणि बाणांची टोकं करून ते मॅमथ पासच्या खिंडीतून सिएरा ओलांडत आणि पलीकडच्या लोकांशी देवाणघेवाण करत. गोऱ्यांची गर्दी झाली ती सोन्यापायी. 1877 मध्ये तळ्यांजवळच्या टेकडीवर खाणीचे दावे लागले आणि 1878 मध्ये मॅमथ मायनिंग कंपनी उभी राहिली. गावाचं नाव तिथून आलेलं आहे. लोकरी हत्तींचे सांगाडे इथे सापडले असतील असं अनेकांना वाटतं, पण ‘मॅमथ’ म्हणजे इथे फक्त अवाढव्य. खाण अवाढव्य निघेल ही आशा होती. बघता बघता हजारावर माणसं जमली. सोनं मात्र अपेक्षेहून फारच थोडं निघालं. 1880 मध्ये कंपनी बंद पडली आणि दहा वर्षांच्या आत तिथे बोटावर मोजण्याइतकी माणसं उरली.

गावाचं खरं धन डोंगरात नव्हतं, डोंगरावर पडत होतं. ते ओळखणाऱ्या माणसाचं नाव डेव्ह मॅकॉय. लॉस एंजेलिस शहराने 1913 पासून पूर्व सिएराचं पाणी कालव्याने नेलं होतं. उन्हाळ्यात किती पाणी येणार हे हिवाळ्यात किती बर्फ साठलं त्यावर ठरतं, म्हणून शहराच्या पाणी खात्याची माणसं स्कीवरून डोंगर तुडवत बर्फाची खोली मोजत फिरायची. मॅकॉय त्यांतला एक. या कामामुळे त्याला सगळ्या उतारांची खडान्‌खडा माहिती होती आणि सगळ्यांत जास्त बर्फ मॅमथवर साठतं हे त्याच्या वहीतल्या आकड्यांनीच सांगितलं. कारण भूगोलात आहे. सिएराची उंच भिंत इथे जराशी खाली उतरते. पॅसिफिकवरून आलेले दमट वारे सॅन होआकिनच्या खोऱ्यातून वर चढत या फटीतून घुसतात आणि पलीकडे पहिल्यांदा आडवा येतो तो मॅमथ माउंटन. सरासरी वर्षाला त्याच्यावर सुमारे 400 इंच बर्फ पडतं.

1930 च्या दशकाच्या शेवटी मॅकॉयने मोटारीच्या इंजिनावर फिरणाऱ्या दोराची एक साधी सोय केली. दोर धरायचा आणि उतारावर ओढलं जायचं. त्यासाठी स्वतःची मोटरसायकल बँकेत तारण ठेवून त्याने 85 डॉलर उचलले होते. बर्फ जिथे असेल तिथे हा दोर हलवला जायचा. मग तो मॅमथवर आला आणि तिथेच राहिला. 1953 मध्ये वन विभागाने त्याला डोंगरावर स्की केंद्र चालवायचा परवाना दिला आणि 1955 च्या थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या सणाच्या, सुमारास पहिली खुर्च्यांची लिफ्ट सुरू झाली. पुढची पन्नास वर्षं तो कारभार त्याच्या हातात होता. 2005 मध्ये नियंत्रणाचा हिस्सा विकला गेला आणि 2020 मध्ये वयाच्या 104 व्या वर्षी तो गेला. मोजमाप करणाऱ्या एका नोकरदाराने आपल्याच नोंदींवर विश्वास ठेवून एक गाव उभं केलं, हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

उन्हाळा मागाहून जोडला गेला. तळी, घोडे आणि मासेमारी आधीपासून होतीच. 1985 मध्ये स्कीच्या उतारांवरून सायकली सुसाट खाली सोडायची ‘कामिकाझे’ शर्यत सुरू झाली आणि माउंटन बाइकच्या जगात मॅमथचं नाव गाजलं. विरळ हवेत सरावासाठी लांब पल्ल्याचे धावपटूही इथे राहू लागले. अथेन्स 2004 च्या मॅरेथॉनमध्ये रौप्य मिळवणारा मेब केफ्लेझिगी आणि कांस्य मिळवणारी डीना कॅस्टर, दोघंही इथल्या रस्त्यांवर घडले.

पण त्याआधी, 1980 मध्ये, जमीन बोलली होती. 18 मे रोजी वॉशिंग्टन राज्यात माउंट सेंट हेलेन्स फुटला. आठवडाभरात, 25 ते 27 मे दरम्यान, मॅमथ लेक्सच्या आसपास सुमारे 6 तीव्रतेचे चार भूकंप झाले. मोजणी केल्यावर काल्डेराच्या मधली जमीन सुमारे 25 सेंटीमीटरने वर आलेली आढळली. धक्के थांबेनात. मे 1982 मध्ये अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण विभागाने संभाव्य ज्वालामुखी धोक्याची सूचना काढली. तीन पायऱ्यांतली ती सर्वांत खालची होती. गावाला मात्र ती अधिकृतपणे कळायच्या आधी लॉस एंजेलिसच्या वृत्तपत्रात वाचायला मिळाली, आणि तीही मेच्या शेवटी येणाऱ्या मोठ्या सुट्टीच्या तोंडावर.

लोक संतापले. पर्यटकांवर पोट असलेल्या गावात खोल्या रिकाम्या राहिल्या, घरांचे भाव कोसळले. शास्त्रज्ञांना उघड शिव्या पडल्या. ‘जिऑलॉजिकल सर्व्हे’ मधल्या ‘जी’ चा अर्थ लोक ‘गेसिंग’ असा लावू लागले, म्हणजे अंदाजपंचे. जानेवारी 1983 मध्ये धक्क्यांची आणखी एक मोठी माळ आली, तेव्हा काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाने, तो उत्तरेचा रस्ता घाईने पूर्ण केला. ‘एस्केप’ हा शब्द पाटीवर नको, अशी गावची मागणी होती आणि ती मान्य झाली. मला दोन्ही बाजू समजतात. उद्रेक झालाच नाही म्हणून सूचना चुकीची होती असं नाही. पण ज्यांच्या दाराशी धोका आहे त्यांना तो आधी, समोर बसून सांगायला हवा होता. ‘सूचना’ ही सर्वांत खालची पायरी पुढे काढूनच टाकली गेली. दरम्यान गावाजवळ भूकंपमापकांचं दाट जाळं उभं राहिलं, शास्त्रज्ञ आणि गावचे अधिकारी नियमित भेटू लागले. 1997 च्या अखेरीस पुन्हा धक्क्यांची झुंबड उडाली तेव्हा गाव शांत होतं.

1989 मध्ये मॅमथ माउंटनच्या खाली कित्येक महिने बारीक धक्के बसत राहिले. पुढच्या वर्षी हॉर्सशू तळ्याकाठची झाडं उभ्या उभ्या वाळायला लागली. आधी दुष्काळावर आणि किडीवर संशय गेला. 1994 मध्ये माती तपासली तेव्हा तिच्यातल्या हवेत 20 ते 95 टक्के कार्बन डायऑक्साइड निघाला. साध्या रानात तो एका टक्क्याच्या आसपास असतो. खालच्या शिलारसातून सुटलेला वायू झाडांची मुळं गुदमरवत होता. शंभर एकरांहून अधिक रान असं गेलं. हा वायू हवेपेक्षा जड असतो, खळग्यांत साचतो आणि त्याला रंग नाही, वास नाही. माणसंही त्यात गेली आहेत. एप्रिल 2006 मध्ये डोंगरावरच्या वाफेच्या विवरावरचं बर्फ खचून स्की पेट्रोलचे, म्हणजे उतारांवर गस्त घालणाऱ्या पथकाचे, तीन जण मरण पावले. त्यांतला एक सहकाऱ्यांना वाचवायला आत उतरला होता.

त्याच वर्षी हॉट क्रीकच्या गरम ओढ्यात पोहणं बंद झालं, कारण पाणी अचानक उकळत्या कारंज्यांसारखं उसळू लागलं होतं. दुसरीकडे, गावाबाहेर कासा डियाब्लो इथे 1984 पासून त्याच उष्णतेवर वीज तयार होते.

2022-23 च्या हिवाळ्यात मुख्य लॉजपाशी 715 इंच, म्हणजे सुमारे 18 मीटर बर्फ पडलं आणि स्कीचा हंगाम 6 ऑगस्टपर्यंत चालला. हॉर्सशू तळ्याकाठी त्याच उन्हाळ्यात नेहमीसारखी मुलं पाण्यात खेळत होती. मागे पांढरे पडलेले बुंधे उभे आहेत आणि त्यांच्याजवळ पाट्या आहेत: इथे तंबू ठोकू नका, बर्फात किंवा जमिनीत खड्डा खणू नका, खळग्यात आडवे होऊ नका, लहान मुलं आणि कुत्री यांना जमिनीलगत फिरू देऊ नका. तिथे जाल तेव्हा त्या पाट्या थांबून वाचा.