डिस्क भरली? आधी बघा, मग पुसा

आमच्याकडे देखभालीला असलेल्या लिनक्स सर्व्हरांबद्दल सगळ्यात जास्त फोन एकाच गोष्टीचे येतात. ‘डिस्क फुल दाखवतंय, बिल निघत नाही, दोन-चार मोठ्या फाइली उडवल्या तरी जागा झाली नाही, म्हणून मशीन बंद करून परत चालू केलं.’ हॉटेलचं काउंटर असो, पतसंस्था असो की पॅथॉलॉजी लॅब, क्रम हाच. फाइली उडवण्याआधी फोन आला, तर काम बहुधा थोडक्यात आटोपतं. नंतर आला, तर अर्धा दिवस जातो आणि तोवर तुमचे लोक हातानं पावत्या फाडत बसतात.

पुढच्या कमांड आम्ही फोनवर सांगतो तशाच, देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना सर्व्हरच्या कपाटावर चिकटवलेल्या कार्डावरची इंग्रजी अक्षरं बघून करा. त्यात लहान-मोठं अक्षर आणि मधली जागा दोन्ही महत्त्वाची.

पहिली कमांड:

डीएफ -एच

कुठली डिस्क किती भरली ते यात दिसतं. ‘१०० टक्के’ दिसूनही एकूण आकार आणि वापर यांत फरक उरतो, तो कुठे गेला असं बरेच जण विचारतात. ईएक्सटी४ फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडून ठेवायची पद्धत) मुळातच ५ टक्के जागा रूट, म्हणजे सर्व अधिकार असलेल्या वापरकर्त्यासाठी राखून ठेवते, म्हणजे ५०० जीबीच्या डिस्कवर सुमारे २५ जीबी. ती आम्ही मोकळी करून देत नाही. डिस्क भरल्यावरही रूटच्या सेवा चालू राहाव्यात आणि आम्हाला आत शिरून दुरुस्ती करता यावी, ते या राखीव जागेमुळेच शक्य होतं.

जागा भरपूर दिसते, तरी ‘नो स्पेस’ येतं? मग डीएफ -आय द्या. लाखो बारक्या फाइली साठल्या की जागा उरते पण आयनोड, म्हणजे प्रत्येक फाइलमागे लागणारी नोंदीची जागा, संपतात. मेलची रांग आणि वेबसाइटच्या सेशन फाइली हे तिथले नेहमीचे संशयित.

जागा कोणी खाल्ली ते शोधायला:

सुडो डीयू -एक्सएच --मॅक्स-डेप्थ=१ /वार | सॉर्ट -एच

शेवटची ओळ अख्ख्या /वारची बेरीज असते, तिच्या वरच्या ओळीत सगळ्यात जड फोल्डर येतो. त्या फोल्डरचं नाव घेऊन हीच कमांड पुन्हा द्या, दोन-तीन पायऱ्यांत मूळ सापडतं. एक्स विसरू नका. त्याच्यामुळे मोजणी त्याच फाइल सिस्टिमवर राहते, जोडलेली दुसरी डिस्क त्यात मिसळत नाही.

आता ज्या चुकीपायी हे पत्रक काढलं ती. लॉगची, म्हणजे प्रोग्राम आपल्या कामाच्या नोंदी लिहितो ती, फाइल ४० जीबीची दिसते, ऑफिसातला मुलगा ‘आरएम’नं ती उडवतो, पण डीएफचा आकडा हलत नाही. लिनक्समध्ये आरएम फक्त फाइलचं नाव काढतं. ज्या प्रोग्रामनं ती फाइल उघडून धरली आहे, तो ती सोडेपर्यंत डिस्कवरची जागा सुटत नाही. लॉजच्या रजिस्टरमधून पाहुण्याचं नाव खोडलं, तरी तो खोलीत आहे तोवर खोली रिकामी होत नाही, तसंच हे. उलट आता फाइल डीयूलाही दिसत नाही, आणि शोधणाऱ्याच्या हातातला एकुलता धागा जातो. मग घाबरून आणखी फाइली उडवल्या जातात, आणि त्यात कधी नको ती जाते.

चालू लॉगची फाइल उडवायची नसते, रिकामी करायची असते:

सुडो ट्रंकेट -एस ० /वार/लॉग/फाइलचं-नाव

फाइल जागेवर राहते, प्रोग्राम चालू राहतो, जागा लगेच सुटते. आधी त्या लॉगच्या शेवटच्या शंभर ओळी ‘टेल -एन १००’नं काढून आम्हाला पाठवा. लॉग एवढा का फुगला, ते त्या ओळींतच असतं.

आरएम आधीच दिलं असेल तर:

सुडो एलएसओएफ +एल१

नाव गेलेल्या, पण अजून धरून ठेवलेल्या फाइली आणि त्या कोणी धरल्या आहेत, ते यात दिसतं. तेवढी एकच सेवा ‘सिस्टमसीटीएल रीस्टार्ट’नं पुन्हा सुरू केली की जागा परत मिळते. अख्खं मशीन बंद करायची गरज नसते. ती सेवा डेटाबेसची असेल तर मात्र आम्हाला विचारल्याशिवाय हात लावू नका. आणि पॉवरचं बटण दाबून धरणं तर नकोच. डेटाबेसला उठताना अर्धवट राहिलेलं काम निस्तरावं लागतं, त्यात डिस्कही भरलेली असली तर तो उठेलच असं नाही.

/वार/लिब/मायएसक्यूएल या फोल्डरातलं काहीही हातानं उडवू नका, हे कार्डावर लाल शाईनं लिहिलं आहे. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ८.० पासून बायनरी लॉग (डेटातल्या बदलांची नोंद) आपोआप चालू असतो आणि नेमून दिलं नाही तर ३० दिवसांचा साठतो, म्हणून हा फोल्डर फुगतो. तो डेटाबेसच्या आतून, त्याच्याच कमांडनं कमी करायचा असतो. आयबीडेटा१ नावाची मोठी फाइल तर कचरा नव्हेच, तिच्याशिवाय तुमचा डेटाबेस उघडणार नाही.

सिस्टिमचे स्वतःचे लॉग कमी करायला ‘सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइझ=५००एम’, आणि उबंटूवर उतरवलेली पॅकेजं काढायला ‘सुडो एपीटी क्लीन’. या दोन्ही तुम्ही निर्धास्त द्या.

पावसाळ्यातलं एक कारण वेगळं सांगायला हवं. गडगडाट सुरू झाला की बरेच जण बॅकअपची यूएसबी डिस्क काढून ठेवतात. ते योग्यच आहे. पण परत जोडायची राहिली, की रात्रीचा बॅकअप /बॅकअप या रिकाम्या फोल्डरात, म्हणजे मुख्य डिस्कवरच उतरतो. रोज एक प्रत, आणि आठवड्याभरात डिस्क भरते. नंतर यूएसबी जोडली की ती त्याच फोल्डरावर बसते आणि खालचा साठा दिसेनासा होतो, डीयूलाही. म्हणून यूएसबी काढली-जोडली की हे बघा:

माउंटपॉइंट /बॅकअप

‘इज अ माउंटपॉइंट’ असं उत्तर आलं तर ठीक. ‘नॉट’ आलं तर डिस्क जोडलेली नाही. आम्ही बसवलेल्या बॅकअपमध्ये ही तपासणी आधीच घातलेली असते आणि डिस्क नसेल तर बॅकअप थांबून निरोप जातो. दुसऱ्या कोणी बसवलेला बॅकअप असेल तर पुढच्या फेरीत दाखवा, ही ओळ आम्ही पैसे न घेता घालून देतो.

रॅमबद्दलही विचारणा होते. ‘फ्री -एच’मध्ये ‘फ्री’चा आकडा छोटा दिसला म्हणून नवीन रॅम मागवू नका. मोकळी रॅम लिनक्स कॅशसाठी, म्हणजे वाचलेल्या फाइली हाताशी ठेवायला, वापरतं आणि लागेल तशी परत देतं. ‘अव्हेलेबल’चा रकाना बघा. तो कामाच्या वेळी सतत तळाला असेल तरच आम्ही रॅम सुचवतो.

‘आधी कमांडचा निकाल पाठवा, मग येतो’ असं आम्ही म्हणतो, ते काहींना टोलवाटोलवी वाटते. पण फोंड्याहून पेडण्याला किंवा काणकोणला माणूस पोचेपर्यंत तुमचं काउंटर बंदच असतं, आणि डीएफ, डीयू व एलएसओएफ या तिघांच्या फोटोवरून बहुतेक वेळा घरबसल्या काम होतं. त्याचे फेरीचे पैसे लागत नाहीत. रूटचा पासवर्ड आम्ही प्रत्येक संस्थेत एकाच जबाबदार माणसाकडे ठेवतो, तोही याच कारणासाठी: कोणी काय उडवलं ते विचारायला एक माणूस हवा.

वार्षिक करार असलेल्यांच्या सर्व्हरवर डिस्क ८० टक्के भरली की आम्हाला आपोआप कळतं आणि बहुधा तुमच्या आधी आमचा फोन जातो. करार नसेल तर सोमवारी सकाळी काउंटर उघडण्याआधी डीएफ -एच एकदा बघायची सवय ठेवा. चवथीच्या सुट्टीत आमचं ऑफिस बंद असतं, करारवाल्यांसाठी फोन चालू असतो. सुट्टीआधीच्या आठवड्यात निकालाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवलात, तर करार असो-नसो, बघून सांगू.