पत्रकारकेंद्री रहस्यकादंबरी

संशयास्पद मृत्यूमागचे सत्य पोलीस अधिकारी किंवा खासगी गुप्तहेराऐवजी एखादा पत्रकार शोधून काढतो, अशा कादंबऱ्यांचा रहस्यसाहित्यातील उपप्रकार. या कादंबऱ्यांत कथा सुरू होते तेव्हा मृत्यूचे प्रकरण बहुधा मिटलेले असते. पंचनामा झालेला असतो, आत्महत्या किंवा अपघात अशी नोंद पडलेली असते, अंत्यसंस्कार उरकलेले असतात आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळी येऊन गेलेल्या असतात. त्या चार ओळींतले काहीतरी बातमीदाराला खटकते. त्यामुळे ‘खून कोणी केला’ हा रहस्यकथेचा नेहमीचा प्रश्न इथे उशिरा येतो. ‘हा खून होता का’ हेच आधी सिद्ध करावे लागते, आणि तेही ज्यांना प्रकरण पुन्हा उघडायचे नाही अशा माणसांसमोर.

पोलीस समन्स काढू शकतात, झडती घेऊ शकतात, संशयिताला ताब्यात घेऊ शकतात. बातमीदाराला यातले काहीच करता येत नाही. कोणीही त्याच्या तोंडावर दार लावून घ्यावे, फोन ठेवून द्यावा. या प्रकाराचे सारे बळ या असहायतेत आहे. अधिकार नसल्यामुळे माणसांना बोलते करण्याखेरीज त्याच्या हाती साधन नाही, म्हणून चांगल्या कादंबरीत पाठलागापेक्षा संभाषणे अधिक लक्षात राहतात. पोलिसांपुढे गप्प बसणारी माणसे, म्हणजे शवागारातला कर्मचारी, कचेरीतला कारकून, मृताची शेजारीण, त्याच्याशी बोलतात, पण ‘माझे नाव येता कामा नये’ या अटीवर. मग जे कळले ते वेगळे, ज्याला दुजोरा मिळाला ते वेगळे आणि जे छापता येईल ते आणखी वेगळे, अशी अंतरे पडत जातात. ताण खरा या अंतरांत असतो. ओळखपत्र दाखवताच सगळी दारे उघडतात अशा कादंबऱ्याही पुष्कळ आहेत, पण त्यांतला नायक नावापुरताच पत्रकार असतो.

या प्रकाराची एक मुळी एडगर ॲलन पो यांच्या ‘द मिस्टरी ऑफ मेरी रोजे’ या कथेत सापडते. १८४१ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कमध्ये सिगारच्या दुकानात काम केलेल्या मेरी रॉजर्स या तरुणीचा मृतदेह हडसन नदीत मिळाला आणि वर्तमानपत्रांनी ते प्रकरण आठवडेच्या आठवडे चालवले. पो यांनी ते पॅरिसला नेले आणि १८४२-४३ मध्ये तीन हप्त्यांत कथा प्रसिद्ध केली. तिचा नायक द्युपाँ पत्रकार नाही. पण तो घटनास्थळी न जाता वर्तमानपत्रांतले वृत्तान्त समोर घेऊन बसतो आणि कोणत्या पत्राने कोणते विधान कशाच्या आधारे केले, हे तपासतो. सत्यापेक्षा खळबळीकडे वर्तमानपत्रांचा ओढा असतो, हा आक्षेपही तो तिथेच नोंदवतो. १८४५ मध्ये कथा पुस्तकात घेताना, प्रत्यक्ष प्रकरणात पुढे आलेल्या माहितीशी ती जुळावी म्हणून पो यांनी मजकुरात फेरफार केले. मेरी रॉजर्सच्या मृत्यूचा उलगडा मात्र आजवर झालेला नाही.

बातमीदार खऱ्या अर्थाने नायक झाला तो गास्ताँ लरू या फ्रेंच लेखकाच्या हातून. लरू स्वतः न्यायालयीन वार्तांकन करणारे पत्रकार होते. १९०७ मध्ये क्रमशः आलेल्या त्यांच्या ‘पिवळ्या खोलीचे रहस्य’ या कादंबरीत आतून बंद खोलीत एका तरुणीवर जीवघेणा हल्ला होतो आणि त्याचा छडा अठरा वर्षांचा वार्ताहर रूलताबी लावतो. त्याला नोकरी कशी लागली, याचा प्रसंग या प्रकाराची प्रकृती नेमकी सांगतो. एका खुनात मृत स्त्रीच्या देहाचे तुकडे सापडलेले असतात, फक्त डावा पाय मिळत नसतो. पोलीस शोधून थकतात. हा मुलगा गटारातून तो पाय शोधतो आणि पोलिसांकडे न जाता थेट संपादकांकडे नेतो.

विसाव्या शतकाच्या अखेरीस हा प्रकार पुन्हा बहरला. लिहिणाऱ्यांपैकी बरेच जण वृत्तपत्रांतून आलेले होते, त्यामुळे कार्यालयातले तपशील अस्सल उतरले. अमेरिकेत गुन्हे वार्ताहर म्हणून काम केलेल्या मायकेल कॉनली यांच्या ‘द पोएट’ (१९९६) मध्ये जॅक मॅकएव्हॉय या बातमीदाराचा जुळा भाऊ, जो स्वतः खुनांचा तपास करणारा पोलीस आहे, गाडीत गोळी लागून मेलेला आढळतो. आत्महत्या म्हणून प्रकरण मिटते. गाडीच्या काचेवर उमटलेली एक ओळ पो यांच्या कवितेतली निघते आणि तिथून तपास फिरतो. बातमी काही काळ रोखून धरण्याच्या बदल्यात जॅक केंद्रीय तपास यंत्रणेसोबत राहण्याची मुभा मिळवतो. त्याच्याजवळ तेवढेच चलन आहे. स्वीडनमध्ये लिझा मार्कलुंड यांनी १९९८ पासून आनिका बेंग्तसोन ही वार्ताहर उभी केली. तिच्या वाट्याला तपासाबरोबर लहान मुले, घर आणि कार्यालयातल्या पुरुष सहकाऱ्यांचा आकसही आला. अंकाची वेळ आणि मुलांना घरी आणण्याची वेळ यांची टक्कर या कादंबऱ्यांत गुन्ह्याइतकीच गांभीर्याने मांडलेली आहे.

प्रेत पाहायला मिळत नसल्याने बातमीदाराची मदार कागदांवर असते, आणि त्यातला कळीचा कागद म्हणजे शवविच्छेदन अहवाल. मृत्यूनंतर रक्त शरीराच्या खालच्या बाजूला उतरते आणि तिथे जांभळट डाग पडतात. साधारण आठ ते बारा तासांत ते पक्के होतात, मग देह हलवला तरी जागा सोडत नाहीत. पालथ्या सापडलेल्या माणसाच्या पाठीवर पक्के डाग असतील, तर त्याला नंतर कोणीतरी पालथे केले आहे. गळफासाचा वळ बहुधा मानेवर वर, तिरका आणि अर्धवट असतो. दोरीने गळा आवळल्यास तो बहुधा आडवा आणि पूर्ण फिरलेला असतो. अशी एक ओळ अहवालात आरंभापासून असते, ती वाचायला मात्र कोणी थांबलेले नसते. कसबी लेखक हा अहवाल बातमीदाराला एखाद्या जाणकार डॉक्टरकडे न्यायला लावतो, म्हणजे वाचकालाही ते त्याच्याबरोबर समजत जाते.

पत्रकाराच्या हातून होणारे नुकसान हा या प्रकाराचा सर्वांत गंभीर विषय आहे. शोकात बुडालेल्या आईकडे फोटो मागणे, घाईत छापलेल्या मजकुरामुळे सूत्र उघडे पडणे, बातमी वाचून गुन्हेगाराने पुरावा नष्ट करणे, यांची जबाबदारी त्याला टाळता येत नाही. वरून मालकाचे हितसंबंध आणि अब्रुनुकसानीच्या दाव्याची टांगती तलवार असतेच. स्टीग लार्सन यांच्या मिलेनियम मालिकेतली पहिली कादंबरी त्यांच्या निधनानंतर २००५ मध्ये आली. ती पत्रकार मिकाएल ब्लूमक्विस्टला अब्रुनुकसानीबद्दल झालेल्या शिक्षेपासून सुरू होते. पुढे एका उद्योगपती घराण्यातल्या खुनांचे सत्य त्याला सापडते, पण हयात पीडितेचा विचार करून ते तो छापत नाही. पोलीसकथा आरोपी हाती लागला की संपू शकते. इथे छापायचे की दाबायचे, हा निर्णय बाकी राहतो, आणि माझ्या मते या प्रकारातल्या उत्तम कादंबऱ्या तिथेच इतरांहून वेगळ्या ठरतात.

वृत्तपत्रांना उतरती कळा लागली तशी पार्श्वभूमीही बदलली. ‘द पोएट’मध्ये मॅकएव्हॉय ज्या ‘रॉकी माउंटन न्यूज’मध्ये काम करतो, ते डेन्व्हरचे खरोखरीचे दैनिक २००९ मध्ये बंद पडले. त्याच वर्षी आलेल्या ‘द स्केअरक्रो’मध्ये तो लॉस एंजेलिसच्या मोठ्या दैनिकातून कपातीत काढला जातो आणि शेवटच्या दोन आठवड्यांत आपल्या जागी येणाऱ्या कमी पगाराच्या तरुण वार्ताहराला काम शिकवत एका खुनाचा माग काढतो. २०२० च्या ‘फेअर वॉर्निंग’मध्ये तो ग्राहकहिताच्या एका छोट्या संकेतस्थळासाठी लिहितो, आणि ओळखीच्या एका स्त्रीच्या खुनात पोलिसांचा संशय थेट त्याच्यावरच येतो.