सातव्या महिन्यातलं ‘पित्त’

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं की पहिलटकरीण आईकडे येते. चार-आठ दिवसांत तिचं डोकं ठणकायला लागतं, बरगडीखाली उजव्या अंगाला दुखतं, एखादी उलटी होते. आई म्हणते, पित्त झालंय. कोकम सरबत येतं, कपाळाला बाम लागतो. पाय सुजलेत, पण ते या दिवसांत सुजायचेच. डोहाळजेवणाला सहज चढलेला हिरवा चुडा आता मनगटावर फिरत नाही, हे मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही.

पुष्कळदा ते खरंच पित्त असतं. पण अगदी हीच लक्षणं प्रीएक्लॅम्पसियाची, म्हणजे गरोदरपणात उद्भवणाऱ्या रक्तदाबाच्या आजाराचीही आहेत. नुसतं बघून दोन्हींतला फरक आईलाच काय, डॉक्टरलाही सांगता येणार नाही. त्यासाठी दंडाला पट्टा बांधून बीपी मोजावं लागतं आणि लघवी तपासावी लागते. विसाव्या आठवड्यानंतर बीपी 140/90 किंवा त्याहून जास्त भरलं, चार तासांनी पुन्हा मोजल्यावरही तेवढंच राहिलं आणि लघवीतून प्रथिनं जात असली, तर हा आजार धरला जातो. 160/110 म्हणजे मात्र तातडी. तिथे चार तास थांबायचं नसतं.

हा आजार सुरू होतो तो वारेत, म्हणजे बाळाला पोसणाऱ्या प्लॅसेंटात. गर्भ रुजला की वारेच्या पेशी गर्भाशयाच्या नागमोडी रक्तवाहिन्यांत शिरतात आणि त्यांच्या भिंतीतले स्नायू काढून टाकतात. अरुंद, आवळणाऱ्या वाहिन्या त्यामुळे रुंद आणि सैल होतात, बाळाला भरपूर रक्त मिळतं. काही जणींत हे काम अर्धवट राहतं. वाहिन्या अरुंदच राहतात, वारेची उपासमार होते आणि उपाशी वार आईच्या रक्तात अशी प्रथिनं सोडते की तिच्या सगळ्या अंगातल्या रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडतं. मूत्रपिंडाची गाळणी गळू लागते. रक्तातलं पाणी बाहेर झिरपून हात आणि चेहरा सुजतो. यकृताला सूज आली की बरगडीखाली दुखतं, मेंदूवर ताण आला की डोकं ठणकतं आणि डोळ्यांपुढे काजवे चमकतात. आपण ज्याला पित्त म्हणत होतो, ते हे.

बीज तीन-चार महिन्यांतच पडलेलं असतं, म्हणून मीठ तोडून हा आजार टळत नाही. ज्यांना आधीच्या खेपेला हा त्रास झालाय, ज्यांना जुना रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे, ज्यांच्या पोटात जुळी आहेत, त्यांना डॉक्टर तिसऱ्या महिन्याच्या अखेरीपासून कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन देतात. ती मनाने घ्यायची गोळी नव्हे. पहिलटकरणींनाही धोका जास्त असतो, आणि नेमक्या त्याच ऐन वेळी गाव बदलतात! सासरच्या दवाखान्यात सुरुवातीला बीपी 100/60 होतं, माहेरी 136/86 निघालं. नव्या डॉक्टरला हा आकडा मर्यादेतला वाटेल. मागचा आकडा समोर असला तर तो तिला आठवड्याने नव्हे, दोन दिवसांनी बोलावेल. म्हणून साड्यांच्या आधी माता-बाल संरक्षण कार्ड बॅगेत जायला हवं. असं मला अगदी कळकळीने वाटतं.

आजार बळावला की झटके येऊ शकतात. अशा वेळी कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, दातांत चमचा घालू नये. तिला डाव्या कुशीवर वळवावं आणि 108 ला फोन करावा. झटक्यांवरचं औषध आहे मॅग्नेशियम सल्फेट, अत्यंत स्वस्त क्षार. 33 देशांतल्या दहा हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष 2002 मध्ये आला: या औषधाने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो. पहिला डोस प्राथमिक आरोग्य केंद्रातही देता येतो, दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम. पुढच्या प्रत्येक डोसआधी नर्स गुडघ्याखाली छोट्या हातोडीने टकटक करते. पाय उडाला तर पुढचा डोस. उडाला नाही तर औषध अंगात जास्त झालंय, आता थांबायचं. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवलेलं असतं.

आजाराचं मूळ वार, त्यामुळे ती बाहेर पडणं हाच खरा उपाय. 37 आठवडे भरले असतील तर डॉक्टर बाळंतपण लांबवत नाहीत. पण वार पडली त्याच क्षणी सगळं निवळतं असंही नाही. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसात बीपी पुन्हा चढतं, म्हणजे नेमकं ती बाळाला घेऊन घरी आल्यावर. झटका तर सहा आठवड्यांपर्यंत येऊ शकतो. आपला सव्वा महिना जवळपास तेवढाच. त्या खोलीत बाळंतिणीचं डोकं दुखलं की वारं लागलं म्हणतात आणि कानाला फडकं बांधतात. फडकं खुशाल बांधावं, पण त्याच दिवशी तिचं बीपीही मोजून घ्यावं.