आयन गतिशीलता द्रव्यमान वर्णपटमिती : प्रथिनांची रचना

प्रथिनांचे विद्युत्‌भारित रेणू निष्क्रिय वायूतून विद्युत्‌क्षेत्राच्या जोरावर पुढे सरकवून त्यांचा आकार आणि लगोलग द्रव्यमान मोजण्याची पद्धत. भार व द्रव्यमान सारखेच असले, तरी घट्ट घडीचा आयन वायूच्या रेणूंना कमी धडकतो आणि लवकर पोहोचतो. उलगडलेला मागे पडतो. काही मिलिसेकंदांच्या या फरकावरून मेसन–शॅम्प समीकरणाने (१९५८) टक्कर-छेदक्षेत्र (वायूच्या रेणूंच्या धडकांना सामोरे येणारे आयनाचे सरासरी क्षेत्रफळ) काढतात. हीलियम व नायट्रोजन यांतील मूल्ये एकमेकांशी थेट ताडता येत नाहीत.

आयनांची गतिशीलता रदरफर्ड यांनी १८९० च्या दशकाअखेरीस केंब्रिजमध्ये मोजली; सिद्धांताचा पाया लांजव्हँ यांनी सु. १९०३–०५ मध्ये घातला. या मापनाला द्रव्यमान वर्णपटमापकाची जोड प्रथम कोणी दिली, याबद्दल मात्र एकमत नाही. कोहेन व कारासेक यांच्या ‘प्लाझ्मा क्रोमॅटोग्राफी’पासून (१९७०) काही जण गणना करतात. तथापि मॅकडॅनियल व सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकाच्या प्रारंभीच वहन-नलिकेला (आयन सरकवण्याची वायुभरली नळी) वर्णपटमापक जोडून आयनांच्या विक्रिया अभ्यासल्या होत्या. अग्रमान त्यांना देणे अधिक सयुक्तिक ठरते. प्रथिनांचा प्रश्न वेगळा आहे. वाई येथे मराठी विश्वकोशाचे आरंभीचे खंड सिद्ध होत होते, त्या १९७० च्या दशकात मोठी प्रथिने न मोडता वायुरूपात आणण्याची खात्रीची रीतच नव्हती. जॉन फेन यांनी १९८० च्या दशकात इलेक्ट्रोस्प्रे (द्राव विद्युत्‌दाबाखाली फवारून आयन मिळवण्याची रीत) प्रथिनांसाठी वापरला (नोबेल २००२), तेव्हा ती वाट खुली झाली. १९९५ साली क्लेमर, हजिन्स व जॅरोल्ड यांनी सायटोक्रोम-सी या प्रथिनाच्या घडीच्या व उलगडलेल्या अवस्था वायूत वेगळ्या करून दाखवल्या.

पाणी निघून गेल्यावर मूळ घडी टिकते का, हा या विषयातला खरा वाद. ब्रॉयकर व मॅक्लॅफर्टी (२००८) यांच्या मांडणीनुसार पाणी सुटताच पृष्ठभागावरच्या साखळ्या आत आखडतात आणि काही मिलिसेकंदांनंतर मूळ रचना ढळू लागते. उलट रुओटोलो, रॉबिन्सन आदींनी (२००५) ‘ट्रॅप’ या ११ घटकांच्या कंकणाकृती प्रथिनाचे कडे वायूतही शाबूत राहू शकते, असे दाखवले. भार कमी ठेवला, अमोनियम अ‍ॅसिटेटाचा द्राव घेतला आणि उपकरणात आयन फार तापू दिला नाही, तर एकंदर आकार टिकतो, हे मत आता बळकट आहे. मात्र छेदक्षेत्र हा एकच आकडा असतो. अनेक रचनांशी तो जुळू शकतो. म्हणून संगणकीय प्रतिमानांवाचून त्यावरून रचना ठरवू नये.

सातारा-सांगली भागात दूध संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफ (स्निग्धांश वगळून उरणारे घन घटक) पाहून दर ठरतो. एसएनएफच्या त्या आकड्यात प्रथिनेही येतात, पण त्यांची घडी कशी आहे ते त्यातून कळत नाही. निवळीतील बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे प्रथिन (रेणुभार सु. १८,३००) येथे उत्तम उदाहरण ठरते. उदासीन द्रावात त्याचे रेणू जोडीने राहतात. ६ भारांचा एकटा रेणू आणि १२ भारांची जोडी यांचे द्रव्यमान-भार गुणोत्तर एकच, सु. ३,०५०, येते, त्यामुळे साध्या वर्णपटात दोन्ही एकाच जागी दिसतात. गतिशीलतेने ती सुटी होतात. जोडीवर भार दुप्पट असतो, छेदक्षेत्र मात्र साधारण १.६ पटच भरते. साहजिकच जोडी सु. एक-पंचमांश वेळ आधी पोहोचते. हेच प्रथिन सु. ७०° से. च्या वर उलगडू लागते व केसिन या दुधातील मुख्य प्रथिनाला चिकटते. चांगल्या तापवलेल्या दुधाचे दही घट्ट लागते, ते बऱ्याच अंशी यामुळे.

वहन-नलिकेत छेदक्षेत्र थेट मिळते. प्रवासी तरंगाच्या (विद्युत्‌दाबाच्या सरकत्या लाटांनी आयन ढकलणाऱ्या) उपकरणांत ज्ञात प्रथिनांवरून अंशांकन करावे लागते. वायूच्या प्रवाहात आयन रोखून धरणारी सापळा पद्धत अलीकडची आहे.