पत्रिकेचे किती गुण?

जूनमध्ये प्रवेशाची धावपळ सुरू झाली आणि आमच्याकडच्या एका कॉलेजच्या फाटकावर फ्लेक्स चढला. मधोमध प्राचार्य, दोन्ही बाजूंना विश्वस्त आणि खाली ढोबळ्या मिरचीएवढ्या अक्षरांत वर्षभरात छापून आलेल्या शोधनिबंधांचा आकडा. संशोधन कशावर झालं, त्यातून काय सापडलं, यावर एक ओळही नाही. माझ्या रिक्षावाल्याने सिग्नलला थांबून तो वाचला आणि म्हणाला, "एवढं लिहितात म्हणजे सरकार पण तसेच पैसे देत असणार."

आपल्याकडे ते तसं थेट नाही. पण "पेपर मोजा आणि पैसे वाटा" हा हिशेब जगात काही देशांनी खरोखर, कायद्याच्या चौकटीत बसवून करून पाहिला आहे. त्यात एका देशाने असं एक वर्गमूळ वापरलं की मी त्याच्या प्रेमातच पडलो. हा लेख मुख्यतः त्या वर्गमूळाबद्दल आहे.

आधी थोडी पूर्वपीठिका. सरकारला विद्यापीठांना संशोधनासाठी पैसे द्यायचे असतील तर ते कुणाला किती, हे ठरवण्याचे दोन ढोबळ मार्ग आहेत. पहिला ब्रिटनचा. तिथे १९८६ पासून दर काही वर्षांनी तज्ज्ञांची मंडळं बसतात, विद्यापीठांनी पाठवलेलं काम प्रत्यक्ष वाचतात आणि दर्जा ठरवतात. यात वेळ जातो, पैसा जातो आणि प्राध्यापकांची झोपही जाते. दुसरा मार्ग स्वस्त: वाचायचं नाही, मोजायचं.

मोजण्याची गोष्ट निघाली की ऑस्ट्रेलियाचा किस्सा येतोच. १९९० च्या दशकात त्या देशाने संशोधन निधीचा काही भाग प्रकाशनांच्या संख्येवर वाटायला सुरुवात केली. निबंध तज्ज्ञांनी तपासलेल्या नियतकालिकात आला की झालं. नियतकालिक नावाजलेलं आहे की कोपऱ्यातलं, याने हिशेबात फरक पडत नव्हता. लिंडा बटलर या संशोधिकेने २००३ मध्ये आकडे मांडले. दहा वर्षांत जगाच्या विज्ञान निबंधांतला ऑस्ट्रेलियाचा वाटा २५ टक्क्यांनी वाढला होता, पण वाढीचा मोठा हिस्सा कमी उद्धृत होणाऱ्या, म्हणजे इतरांच्या निबंधांत ज्यांचा हवाला कमी दिला जातो अशा नियतकालिकांत होता. अळूवडीचा उंडा तोच, काप मात्र पातळ पातळ पाडलेले!

हा किस्सा पुढे इतक्या वेळा सांगितला गेला की त्याचं जवळजवळ पुराण झालं. २०१७ मध्ये दुसऱ्या एका गटाने तेच दिवस नव्या पद्धतीने तपासले आणि म्हटलं की संख्या वाढली तसा ऑस्ट्रेलियन कामाचा प्रभावही वाढला होता. बटलर यांनी उत्तर दिलं, इतर अभ्यासकही त्यात उतरले. म्हणजे "मोजायला लागलं की दर्जा घसरतोच" असं छातीठोक सांगणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. मीही ते कितीदा तरी छातीठोक सांगितलं आहे.

नॉर्वेने मात्र बटलर यांचं म्हणणं वेळीच ऐकलं. २००६ च्या अंदाजपत्रकापासून त्यांनी आपली पद्धत आणली, ती पहिल्यापासूनच सावध होती. नियतकालिकं आणि प्रकाशक यांच्या दोन पायऱ्या केल्या. दुसरी पायरी वरची, आणि त्या त्या विषयातल्या जगभरच्या प्रकाशनांपैकी साधारण २० टक्केच तिच्यावर बसू शकतात. कोण बसणार, हे त्या विषयातले संशोधकच ठरवतात. पहिल्या पायरीवरच्या निबंधाला १ गुण, दुसरीवरच्याला ३. ग्रंथाला ५ किंवा ८. संपादित पुस्तकातल्या प्रकरणाला ०.७ किंवा १. कमअस्सल ठिकाणी तीन निबंध छापण्यापेक्षा चांगल्या ठिकाणी एक छापला तरी हिशेब तोच, म्हणजे पातळ काप पाडण्यात फायदा नाही.

आणखी एक शहाणपण केलं. मोजणीसाठी स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स अशा व्यापारी सूच्यांवर न विसंबता देशाची स्वतःची नोंदवही ठेवली. त्यामुळे नॉर्वेजियन भाषेत, नॉर्वेजियन प्रकाशकाने छापलेला इतिहासाचा ग्रंथही मोजला जातो. उच्च शिक्षणसंस्थांच्या आपल्या सरकारी एनआयआरएफ क्रमवारीत प्रकाशनं त्या दोन सूच्यांतून घेतली जातात. महानुभाव वाङ्मयावर कुणी मराठीत सहाशे पानांचा ग्रंथ लिहिला तर त्या तक्त्यात तो जन्मालाच आलेला नसतो.

आता मुद्द्यावर. समजा, एक निबंध दहा जणांनी मिळून लिहिला. दहाही जण वेगवेगळ्या विद्यापीठांतले. निबंधाला गुण आहे १. कोणत्या विद्यापीठाला किती द्यायचा?

पहिलं उत्तर: प्रत्येकाला पूर्ण १. सगळे खूश, पण एका निबंधातून दहा गुण जन्मले. असा नियम केला की ज्याने फक्त चहा पाजला त्याचंही नाव लेखकांत येतं, कारण नाव घालायला काहीच मोल पडत नाही.

दुसरं उत्तर: प्रत्येकाला ०.१. बेरीज बरोबर १, हिशेबनीस खूश. नॉर्वेने सुरुवातीला हेच केलं. अडचण अशी की इतिहासाचा प्राध्यापक बहुधा एकटा लिहितो आणि पूर्ण गुण घरी नेतो, तर वैद्यकात वीस रुग्णालयांनी मिळून केलेल्या चाचणीत एखाद्या विद्यापीठाच्या हाती पाच शतांश येतात. भौतिकशास्त्राचं तर विचारूच नका. २०१५ मध्ये सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेतल्या दोन प्रयोगांनी हिग्ज बोसॉन या मूलकणाचं वस्तुमान सांगणारा निबंध मिळून छापला. त्याचे लेखक होते ५,१५४. तेहतीस पानांपैकी नऊ पानांत विज्ञान आणि उरलेल्या चोवीस पानांत लेखकांची आणि संस्थांची यादी! नॉर्वेचे शास्त्रज्ञही त्या प्रयोगांत आहेत. यात एका माणसाचा वाटा निघतो ०.०००१९.

डेन्मार्कमधल्या ऑरहुस विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१४ मध्ये नॉर्वेच्या पद्धतीचं मूल्यमापन केलं. निबंध वाढले होते आणि ऑस्ट्रेलियाच्या किस्स्यासारखी प्रभावात घसरण दिसत नव्हती. पण विषयाविषयांतला समतोल बिघडला होता, आणि त्यामागे हा वाटणीचा नियम होता. मग २०१५ पासून तिसरं उत्तर आलं: विद्यापीठाचा जो वाटा असेल त्याचं वर्गमूळ घ्या.

दहात एक म्हणजे ०.१. त्याचं वर्गमूळ ०.३१६. दहा विद्यापीठांची बेरीज ३.१६, म्हणजे दहाचं वर्गमूळ.

वर्गमूळच का? घनमूळ का नाही, किंवा दोन्ही उत्तरांची सरळ सरासरी का नाही? दहावीच्या भूमितीतलं भूमितीमध्याचं प्रमेय आठवा. काटकोन त्रिकोणाच्या काटकोनातून कर्णावर लंब टाकला की कर्णाचे दोन तुकडे होतात, आणि लंबाचा वर्ग म्हणजे त्या दोन तुकड्यांचा गुणाकार. आता एक तुकडा १ घ्या, म्हणजे "सगळ्यांना पूर्ण" म्हणणाऱ्यांचं उत्तर. दुसरा तुकडा ०.१ घ्या, म्हणजे "वाटून द्या" म्हणणाऱ्यांचं. लंब आला ०.३१६. नॉर्वेच्या नियमातलं वर्गमूळ म्हणजे दोन्ही पक्षांचा भूमितीमध्य! भांडण मिटवायला बसलेला पंच दोघांमधलं अंतर मापात नाही, पटीत मोजतो. ०.१ च्या ३.१६ पट ०.३१६, आणि ०.३१६ च्या ३.१६ पट १. दोघांनाही सारख्याच पटीने माघार घ्यावी लागते.

सरळ सरासरी घेतली असती तर दहात एक असलेल्याला ०.५५ मिळाले असते. इथवर ठीक वाटतं. पण हिग्जच्या निबंधाला तोच नियम लावा: पाच हजारांत एक असलेल्यालाही जवळजवळ अर्धा गुण. प्रत्येक लेखक वेगळ्या संस्थेचा धरला तर एका निबंधातून अडीच हजारांहून जास्त गुण बाहेर पडतील. वर्गमूळाने तीच बेरीज ७२ च्या आत राहते.

अजून एक गंमत. दहा लेखकांत तुमच्या विद्यापीठाचे दोघं असतील तर वाटा ०.२ आणि वर्गमूळ ०.४४७. एकाचे ०.३१६ होते, दोघांचे दुप्पट झाले नाहीत. वर्गमूळाचा वक्र आरंभी ताठ चढतो आणि पुढे वाकत जातो, म्हणून भल्या मोठ्या गटात पहिला माणूस पाठवण्याचं मोल जास्त आणि दुसऱ्या, तिसऱ्याचं उत्तरोत्तर कमी. कलन शिकलेल्यांनी अवकलज काढून पाहावा: वाटा शून्याकडे नेला की उतार अनंताकडे जातो. बाकीच्यांनी ही ओळ सोडली तरी चालेल.

पण कोणतंही सूत्र आलं की त्यामागोमाग त्याची पळवाटही येते. नॉर्वेने वर्गमूळावर आणखी एक मसाला टाकला होता: परदेशी सहलेखक असेल तर गुणांना १.३ ने गुणा. मी एका रविवारी कागद घेऊन बसलो. आपल्याच विद्यापीठाच्या तिघांनी निबंध लिहिला तर गुण १. त्यात एक परदेशी नाव मिळवलं की आपला वाटा ०.७५, वर्गमूळ ०.८६६, गुणिले १.३, बरोबर १.१३. वाटेकरी वाढला आणि आपला वाटाही वाढला! आपला वाटा ६० टक्क्यांच्या वर असेल तोवर हे चालतं. आता दोघं मित्र घ्या, एक ओस्लोचा, एक परदेशातला. दोघांनी एकेक निबंध एकट्याने लिहिला तर ओस्लोला १ गुण. दोघांनी एकमेकांचं नाव आपापल्या निबंधावर घातलं तर ओस्लोला २ गुणिले ०.७०७ गुणिले १.३, म्हणजे १.८४. काम तेवढंच. असं कुणी केलं असा माझा आरोप नाही. सूत्र ते करू देतं, एवढंच म्हणतो.

इथे "गुण" या शब्दाबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. आपण पत्रिका जुळवताना ३६ पैकी १८ गुण जमले की लग्नाला हरकत नाही म्हणतो. मुलगा दारू पितो का, मुलीला शिकायचं आहे का, हे त्या ३६ त कुठेच नसतं. शोधपत्रिकेच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून, म्हणजे तिथल्या निबंधांना सरासरी किती उद्धरणं मिळतात त्या आकड्यावरून, आतल्या एका निबंधाची किंमत सांगणारे आणि जन्मपत्रिकेवरून स्वभाव सांगणारे यांच्यात मला फार अंतर दिसत नाही. नियतकालिकाची सरासरी ही नियतकालिकाची असते. तिथल्या थोड्या निबंधांना भरमसाट उद्धरणं मिळतात, पुष्कळांना जेमतेम. भोंदू ज्योतिषी असतात तसे खोटे इम्पॅक्ट फॅक्टर विकणारेही आहेत. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, मान्यताप्राप्त यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली १,००९ नियतकालिकं अभ्यासकांच्या एका गटाने तपासली आणि २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये निष्कर्ष छापला: ८८ टक्क्यांहून अधिक हलक्या दर्जाची असावीत. कुणाचा पत्ता खोटा, कुणाचा इम्पॅक्ट फॅक्टर बनावट. त्याच वर्षी यूजीसीने यादीतून ४,३०५ नावं काढली. पुढे 'केअर' नावाची नवी यादी आली, तिचं काम पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातून चाले. २०२५ मध्ये तीही बंद झाली.

नॉर्वेचे पैसे किती होते म्हणाल, तर विद्यापीठांच्या एकूण निधीच्या जेमतेम २ टक्के या गुणांवर ठरत. शिवाय हांडा ठरलेल्या मापाचा. सगळ्यांनी दुप्पट निबंध लिहिले तर प्रत्येक गुणाची किंमत निम्मी होणार आणि कुणालाच जास्त मिळणार नाही. हे माहीत असूनही गुण खाली झिरपले. सूत्र सरकारने विद्यापीठांसाठी केलं होतं, विद्यापीठांनी ते विभागांना लावलं आणि काही विभागांनी थेट माणसांना. शेकडो निबंधांच्या बेरजेत सरासरीने खपून जाणारी चूक एका माणसाच्या चार निबंधांत खपत नाही. चेक प्रजासत्ताकात तर अशाच पद्धतीला लोकांनी "कॉफी दळायचं यंत्र" असं नाव पाडलं होतं: वरून निबंध टाका, खालून पैसे. पोलंडमध्ये २०२१ साली शिक्षणमंत्र्यांनी गुणांच्या सरकारी यादीत आपल्या अधिकारात नियतकालिकं घातली आणि काहींचे गुण वाढवले, त्यावरून मोठा गदारोळ झाला. डेन्मार्कने त्याच वर्षी आपली मोजणी थांबवली. नॉर्वेनेही २०२५ च्या अंदाजपत्रकापासून प्रकाशनांचे गुण निधीच्या सूत्रातून काढून टाकले. माझं वर्गमूळ दहा वर्षं जगलं.

त्याचा एक दूरचा भाऊ मात्र आपल्याकडे सापडतो, विद्यापीठांच्या निधीत नाही, प्राध्यापकांच्या नेमणुकीच्या आणि बढतीच्या तक्त्यात. २०१० च्या यूजीसी नियमावलीत निबंधाचे ६० टक्के गुण पहिल्या आणि मुख्य लेखकाने वाटून घ्यायचे आणि ४० टक्के बाकीच्यांनी, म्हणजे बेरीज १००. २०१८ च्या नियमावलीत हे बदललं. लेखक दोन असतील तर प्रत्येकाला ७० टक्के. वाचताना मी दचकलो. ०.७ आणि ०.७०७! निम्म्याचं वर्गमूळ जवळजवळ तंतोतंत. कुणी वर्गमूळ काढून हे ठरवलं असेल असं वाटत नाही, पण जुळलं खरं.

पुढे मात्र वाटा फुटतात. दोनपेक्षा जास्त लेखक असतील तर मुख्य लेखकाला ७० आणि उरलेल्या प्रत्येकाला ३० टक्के. तीन लेखकांची बेरीज १३० होते, सहांची २२०, दहांची ३४०. वर्गमूळाने दहांची ३१६ झाली असती, तोवर दोघं जवळ जवळच चालतात. वीस लेखक घ्या: वर्गमूळ ४४७ वर दमतं, आपला तक्ता ६४० वर पोचतो आणि पुढच्या प्रत्येक नावाला आणखी ३० द्यायला तयार असतो.